मदत हवी आहे: मेरापी ज्वालामुखीच्या रडार-चित्रांतून हवेतल्या बाष्पाचा परिणाम कसा काढायचा?

बडोद्यातल्या अभ्यासगटासाठी विचारतोय. इंडोनेशियात मेरापीवर २०१० साली परदेशी उपग्रहांच्या रडार-चित्रांत लाव्ह्याचा घुमट वाढताना दिसला, हजारो लोकांना वेळेत हलवता आलं. देशोदेशींनी अशी मदत करायलाच हवी.

आम्ही सेंटिनेल-१ या युरोपीय रडार-उपग्रहाच्या, १२ दिवसांच्या अंतराने काढलेल्या चित्रांच्या जोड्या घेतो. दोन चित्रांच्या तुलनेत उमटणारा एक रंगपट्टा म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेत सुमारे २.८ सेंमी सरकणं. पण बाष्पाने रडारची लहर रेंगाळते आणि पायथ्यापासून शिखरापर्यंत बाष्प बदलतं, म्हणून जमीन जागची न हलताही उंचीनुसार पट्टे उमटतात. (दाट झाडीत तर चित्रं जुळतच नाहीत, तिथे निसार या भारत-अमेरिकेच्या रडार-उपग्रहाची २४ सेंमीची लांब लहर बरी.)

डोंगरावरच्या जीपीएस नोंदी हाताशी नसतील तर दुरुस्ती हवामान-मॉडेलने करावी, की उंचीशी सरळ रेषा बसवून? रेषेने जमिनीचा खरा फुगवटाही पुसला जाईल, ही मोठी भीती. बडोद्यात कोणी हे केलं असेल तर कृपया कळवा.