ट्रेलरला टेकलं की शर्ट पांढरा

मंडळी, नमस्कार.

मागच्या महिन्यात जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला. फायबरग्लासचा, वय १६ वर्षं, त्यातली बरीचशी उघड्यावर गेलेली. फोटोत चांगला तुकतुकीत दिसला होता. काल त्याला टेकून फोनवर बोलत होतो, आत आलो तर काळ्या शर्टाच्या पाठीवर फळा पुसल्यासारखा पांढरा पट्टा. साबणाने दोनदा धुतला. ओला असेपर्यंत नवा कोरा, वाळला की पुन्हा राख फासल्यासारखा. (फोटो ओल्या अंगानेच काढले होते, हे आता लक्षात येतंय.) नवा रंग मारून घ्यावा का? कुणी हे निस्तरलं आहे का?

— ट्रेलरवाला

*

अरे, रंगबिंग काही नको. फरशीला लावतात ते ॲक्रिलिक पॉलिश आण. ट्रेलर स्वच्छ धू, वाळू दे आणि मऊ फडक्याने पातळ पातळ चार-पाच हात मार. एका दुपारचं काम. आमचा असा चमकला होता की येणारे-जाणारे विचारायचे, नवा घेतलात का! रबिंगच्या, म्हणजे घासून चमकवायच्या, नादी लागू नकोस, खांदे जातात. उंच शिडी हवी असेल तर माझ्याकडची घेऊन जा.

— तुमचा काका

*

काका, तुमचा शब्द मोडते आहे, रागावू नका.

शर्टाला लागलं ती धूळ नव्हे, ट्रेलरची कातडीच आहे. फायबरग्लासवर जेलकोटचा रंगीत थर असतो. ऊन वर्षानुवर्षं त्यातलं रेझिन खात जातं आणि रेझिनने धरून ठेवलेली रंगाची भुकटी सुटी होते. पृष्ठभाग खडबडीत झाला की उजेड विखुरतो आणि सगळं पांढुरकं दिसतं. पाणी ते बारीक खड्डे भरून काढतं, म्हणून तुझा ट्रेलर ओला असताना नवा दिसतो. फरशीचं पॉलिश नेमकं हेच करतं, फक्त पाण्याऐवजी प्लास्टिकने. पण तो पापुद्रा बसतो कशावर? सुट्या भुकटीवर. पुढे तो पिवळा पडतो आणि जागोजाग सुटतो. आमच्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाने हाच उद्योग करून ठेवला होता. अमोनियावाला स्ट्रिपर (थर सोडवणारं द्रावण) लावून दोन दिवस खरवडत होते मी. कोपऱ्यात अडकलेला पापुद्रा नखाने काढताना काय काय मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मेलेला थर काढायचा, झाकायचा नाही. पण मोजून मापून. जेलकोट नवा असतानाही जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, कित्येक ट्रेलरांच्या भिंतींवर त्याहूनही पातळ. घासलेलं परत येत नाही. म्हणून दाराखालचा एखादा कोपरा निवड, टेप लावून वीतभर चौकोन आख आणि आधी नुसतं पॉलिश (घासायची सगळ्यात बारीक पेस्ट, फरशीचं नव्हे) करून बघ. नाही जमलं तर मध्यम कंपाउंड (त्याहून दाणेदार पेस्ट), तेही कमी पडलं तर जाड दाण्याचं. ज्याने काम होईल तिथेच थांबायचं. वॉटर पेपर सगळ्यात शेवटी, म्हणजे कंपाउंडने हात टेकले तरच. तेव्हाही १००० नंबरपासून सुरू करून १५०० आणि २००० ने ओरखडे काढत जायचं, भरपूर पाणी घेऊन.

चौकोन चमकला की लगेच हुरळून जाऊ नकोस. कंपाउंडमधलं तेलसुद्धा चमक दाखवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फडक्याने पूस. पुसल्यावर जे उरेल ती खरी चमक.

मशीन ऑर्बिटल घे, म्हणजे ज्याचा पॅड फिरता फिरता हेलकावतो ते. नुसता गोल फिरणारा रोटरी बफर झपाट्याने कापतो खरा, पण शिकाऊ हाताने एका जागी रेंगाळला की जेलकोट जाळतो. दाराच्या आणि खिडक्यांच्या कडा टेपने झाकायच्या, कारण कडेला थर पातळ आणि बफरचा जोर नेमका तिथेच पडतो. काम सावलीत, पत्रा-भिंत गार असताना. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, कंपाउंड वाळायच्या आत पुसून पुढे. छताला मात्र हे काहीही लावू नकोस. रबराचं छत असेल तर पेट्रोलियम असलेल्या कंपाउंडने आणि वॅक्सने ते फुगतं.

आणि हो, जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर त्या रबिंगने जात नाहीत. त्या जेलकोटच्या आरपार असतात.

— ताई

*

ताई, आमचा फायबरचा नाही, नालीदार ॲल्युमिनियमचा आहे, कारखान्यातून रंगवून आलेला. हातालाही रंग लागतो, पॅडलाही लागेल. मग रंगच निघून गेला असं समजायचं का?

— पत्र्याची गाडी

*

नाही. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसलेल्या रंगाचा थोडा रंग पॅडवर येणारच. क्लिअर कोट असेल आणि तोच पापुद्रे धरून सुटत असेल तर मात्र पॉलिशचा उपयोग नाही, तिथे रंगच हवा. नालीदार पत्र्यावर मशीन टाळा. बफर उंचवट्यांवरच घासतो, त्यांचा रंग उडून धातू दिसायला लागतो आणि खोलगट भागाला स्पर्शही होत नाही. फडकं, सौम्य पॉलिश आणि हात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

— ताई

*

मंडळी, दोन शनिवार-रविवार खर्ची घालून डावी भिंत आणि पुढचा भाग झाला. अहवाल देतो.

नुसत्या पॉलिशने दाराखालचा चौकोन ढिम्म हलला नाही. मध्यम कंपाउंडच्या दोन फेऱ्यांनी काम झालं. ताईंनी एक गोष्ट सांगितली नाही: पॅड फार लवकर भरतो! तिसऱ्या चौकोनाला मशीन नुसतंच घरघरत होतं, भिंतीवर ढिम्म परिणाम नाही. पॅड उलटा करून पाहिला तर निघालेली भुकटी आणि कंपाउंड मिळून पुट्टीसारखा थर बसलेला. त्यानंतर दर चौकोनाला नायलॉनच्या ब्रशने पॅड साफ केला आणि तीन पॅड आलटून पालटून वापरले. लोकरीचा पॅड भराभर कापतो, पण चष्म्यापासून चपलांपर्यंत शिंतोडे उडवतो. पॅड भिंतीला टेकवल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हे पहिल्याच मिनिटाला कळलं.

खरी गंमत स्टिकरच्या पट्ट्याची. तडकलेला होता म्हणून हेअर ड्रायरने गरम करून सोलला. खाली मऊ, क्रीम रंगाची पट्टी! इतके दिवस मी ट्रेलर पांढरा आहे असं समजत होतो. तो मुळात क्रीम रंगाचा आहे, पांढरेपणा सगळा उन्हाचा. रबिंगनंतर बाकीची भिंतही त्या रंगाच्या जवळ आली. पण स्टिकरखालचा भाग कधी उन्हात आलाच नव्हता, त्यामुळे संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पट्ट्याची कड अजून ओळखू येते. घरचे म्हणतात तिथेच नवीन पट्टा लाव. तेच करणार आहे.

वॅक्सचे दोन हात दिलेत. काही महिन्यांनी परत द्यावे लागतील. आता पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळतात. भिंतीवर काळे ओघळ होते, म्हणून छताच्या कडेचं सीलंटही बघितलं, दोन ठिकाणी चिरलेलं निघालं, ते आधी दुरुस्त केलं.

मागची भिंत अजून बाकी आहे. काका, शिडी आणखी आठवडाभर ठेवली तर चालेल ना?

— ट्रेलरवाला

*

ठेव, ठेव. शिडीची घाई नाही.

मागे एक लिहायचं राहिलं होतं. आमची उन्हाकडची बाजू दुसऱ्या वर्षी जरा पिवळसर झाली, आणि खिडकीखाली थोडं सुटलंयही. थोडं म्हणजे खिडकीखालचं सगळंच. एका ट्रेलरला तो अमोनियावाला स्ट्रिपर किती लागतो, तेवढं ताईला विचारून सांग. मी विचारलं तर ती हसेल.

— काका