62 किलो वजन, पळणं + वेट्स, प्रोटीन दिवसभरात कसं बसवायचं?

पहाटधाव
हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, आठवड्यात चार दिवस पळणं आणि दोन दिवस वेट्स. अंडी, दूध चालतं, मांस-मासे खात नाही. सध्या त्रास असा होतोय की स्क्वॉट्स केले की दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि त्याच्या पुढच्या दिवशी इंटरव्हल (वेगात पळायचं, थोडं थांबायचं, परत पळायचं) असले तर दोन रिपमध्येच, म्हणजे दोन फेऱ्यांतच, पाय जड. झोप व्यवस्थित आहे. खाणं लिहून काढलं तर प्रोटीन साधारण 58 ग्रॅम भरतंय, त्यातलं निम्मं एकट्या रात्रीच्या जेवणात. जिममध्ये एकजण सांगतो वजनाच्या दुप्पट ग्रॅम पाहिजेच, दुसरा म्हणतो अर्ध्या तासात शेक नाही घेतला तर व्यायाम वाया. नक्की किती घेऊ, कधी घेऊ, आणि पावडरशिवाय जमेल का?

बारबेलवाला
आधी आकडा बघू. सर्वसाधारण माणसासाठी सांगतात ते किलोमागे 0.8 ग्रॅम, पण ते कमतरता होऊ नये म्हणून, ट्रेनिंग करणाऱ्यांसाठी नाही. क्रीडा पोषणाच्या संस्था 1.2 ते 2.0 च्या मधे सांगतात. 2018 मध्ये 49 अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण आलं होतं, त्यात वेट्स करणाऱ्यांना सरासरी 1.6 च्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नव्हता. म्हणजे तुमच्यासाठी 62 गुणिले 1.6, साधारण 100 ग्रॅम. दुप्पट म्हणजे 124, घेतलंत तर बिघडत काही नाही, पण "पाहिजेच" हे काही खरं नाही.

अर्ध्या तासाचं टेन्शन तर सोडूनच द्या. वेट्सनंतर स्नायूंची बांधणी 24 तास तरी वाढलेली असते, एवढ्यात काही दार बंद होत नाही. व्यायामाआधी दोनेक तास नीट जेवण झालं असेल तर नंतर निवांत खाल्लं तरी चालतं. तुम्ही पहाटे रिकाम्या पोटी पळत असाल तर मात्र आल्यावर लवकर खा.

माझ्या मते तुमची खरी गोची वाटणीत आहे. रात्री एकदम 30 आणि सकाळी 8 असं असेल तर सकाळचं वाढवा, रात्रीचं तसंच राहू द्या. चार वेळा 25-25 ग्रॅम, तीन-चार तासांच्या अंतराने. 3 अंडी म्हणजे 18 ग्रॅम, वर 250 मिली दूध म्हणजे 8, झालं की सकाळचं काम. दुपारी शिजवलेली घट्ट डाळ 200 ग्रॅम घेतली तर 16-18 मिळतात, पातळ असेल तर त्यात पाणीच जास्त, आणि इथेच बऱ्याच शाकाहारी लोकांचा हिशोब चुकतो कारण वाटी मोजतात, आतली डाळ मोजत नाहीत. सोया चंक्स सुके 30 ग्रॅम म्हणजे 15 च्या आसपास. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं मेथिओनिन डाळीत कमी आणि लायसिन धान्यात कमी, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की भरपाई होते, एकाच ताटात असायलाच हवं असं नाही.

लांबपल्ला
वरचं सगळं बरोबर, पण मला वाटतं पाय जड होतात त्यात प्रोटीनपेक्षा कार्ब्सचा हात जास्त आहे. इंटरव्हलमध्ये दुसऱ्या रिपलाच दम सुटतो म्हणजे बहुतेक ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेलं कार्ब्सचं इंधन) भरलेलं नाही. प्रोटीन वाढवायच्या नादात लोक धान्य, बटाटे, फळं कमी करतात आणि मग रिकव्हरी आणखी बिघडते, कृपया तसं करू नका. एकूण कॅलरी कमी पडत असतील तर खाल्लेल्या प्रोटीनमधलंही बरंचसं इंधन म्हणून जळतं. वजन आपोआप उतरतंय का, पाळी अनियमित झालीये का, सारखी सर्दी होते का, हे बघा. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर किंवा स्पोर्ट्स डाएटिशियन, हे अंगावर काढायचं दुखणं नाही.

आणि मांड्यांच्या दुखण्याचं म्हणाल तर ते 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुमचे इंटरव्हल बरोब्बर त्यातच सापडतायत. प्रोटीनने ते दुखणं जादूसारखं जाणार नाही. जड स्क्वॉट्स इंटरव्हलच्याच दिवशी संध्याकाळी ठेवा आणि दुसरा दिवस अगदी हलका, मी ज्यांना ट्रेन करते त्यांचं वेळापत्रक असंच लावते.

पहाटधाव
खूप आभार दोघांचेही! वजन स्थिर आहे, पाळीही नियमित. पण पळून आल्यावर घशाखाली काही उतरत नाही हो, अंडी तर बघवत पण नाहीत, मग त्या वेळचे 25 ग्रॅम आणू कुठून?

बारबेलवाला
मग पिऊन टाका. 300 मिली दूध, केळं आणि अर्धा स्कूप व्हे (प्रोटीन पावडर) फिरवलं की 20-22 ग्रॅम होतात, कार्ब्सही आले. पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन, सोय म्हणून घ्या, सक्ती नाही. ती नको असेल तर घट्ट गाळलेलं दही 200 ग्रॅम घ्या, तेही 18-20 ला जातं. अंडी तासा-दीड तासाने भूक लागली की खा. रेसमध्ये डोपिंग टेस्ट होत असेल तर मात्र बॅच-टेस्टेड (बंदी असलेल्या पदार्थांसाठी तपासलेला) डबाच घ्या, भेसळ निघाली तरी जबाबदारी खेळाडूचीच असते.

लांबपल्ला
+1. लाँग रनच्या दिवशी दुधाच्या जोडीला कार्ब्स दुप्पट करा, दुसऱ्या दिवशी परत पळायचं असेल तर नक्कीच. आणि किडनीचा काही जुना त्रास असेल तर 100 ग्रॅमवर जायच्या आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर या आठवड्यात फक्त सकाळचं खाणं सुधारा, बाकी काही हलवू नका, आणि पुढच्या इंटरव्हलला पाय कसे वाटले ते इथे लिहा.