ठाण्यातला फ्लॅट, अमेरिकेतला रिसीव्हर: भिंत बुजवण्याआधी कोणत्या वायरी टाकू?

प्रेषक: घोडबंदरकर

मंडळी, नमस्कार.

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम सुरू होतंय. टीव्हीच्या भिंतीत झिरी मारण्याआधी पाइप आणि वायरी ठरवायच्या आहेत. टीव्ही ६५ इंची, तिथेच घेणार. रिसीव्हर (सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज एकत्र घेऊन स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) ७.२ चा, इथून, म्हणजे अमेरिकेतून, न्यायचा विचार आहे. तो टीव्हीखाली नाही, बाजूच्या भिंतीतल्या कपाटात बसेल. वायरीचा रस्ता साधारण ७ मीटर. जोडायचं काय, तर डिशचा सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, प्लेस्टेशन ५ आणि टीव्हीतली ॲप्स. स्पीकर ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर), मागचे दोन सोफ्यामागे. इलेक्ट्रिशियन म्हणतो २५ मिमीचा एक पाइप पुरे. पुरेल का? आणि टीव्हीचा आवाज रिसीव्हरला द्यायला ऑप्टिकल टाकू की एचडीएमआय?

प्रेषक: नेरूळकर काका

अरे, पाइपाचं नंतर. आधी रिसीव्हरच्या मागची पाटी वाच. तिथे नुसतं "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर तो ठाण्यात नेऊ नकोस. प्लेस्टेशन ५ ला १०० ते २४० व्होल्ट चालतात, वायर बदलली की झालं. रिसीव्हरच्या पोटात बहुधा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो एकाच व्होल्टेजसाठी गुंडाळलेला असतो. महावितरणच्या २३० वर लावलास की फ्यूज गेलाच. नशीब वाईट असेल तर पॉवर सप्लायही.

न्यायचाच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पाटीवर ५०० वॉट असतील तर १००० व्हीएचा घे, टोरॉइडल (गोल कड्याच्या गाभ्याचा) मिळाला तर उत्तम. आउटपुट ११० चं माग, १२० चं नको. व्होल्टेज खाली आलं तरी फ्रीक्वेन्सी ५० च राहते, आणि ६० साठी बांधलेला गाभा ५० वर चुंबकत्वाने जास्त भरतो. १२० ला ६० ने भागलं तर २ येतात. ११० ला ५० ने भागलं तर २.२, आणि १२० ला ५० ने भागलं तर २.४. हा आकडा जितका वर, तितका ट्रान्सफॉर्मर तापतो आणि गुणगुणतो. शिवाय रात्री लाइन २४५ ला चढली की ११० वाला आपोआप ११७ देतो.

एवढं करून दहा-एक किलोचं धूड विमानातून न्यायचं आणि बिघडलं तर तिथे इथली वॉरंटी विचारत कोणी नाही. माझं ऐकशील तर रिसीव्हर तिथेच घे.

ब्लू-रे प्लेअरचं मात्र उलटं. अमेरिकेतल्या साध्या ब्लू-रे डिस्क रीजन ए च्या, भारतातले प्लेअर रीजन सी चे. फोर-के डिस्कला रीजन नसतो, पण जुना संग्रह नेणार असशील तर प्लेअर इथलाच ने. फक्त त्याच्या पाटीवर १००–२४० आहे ना, ते बघून घे.

प्रेषक: पाचपाखाडीकर

काकांना अनुमोदन. आता पाइप.

२५ मिमी अजिबात नको. एचडीएमआयचं प्लग प्लास्टिकच्या आवरणासकट साधारण २० मिमी रुंद असतं. सरळ पाइपात ते कसंबसं जाईल, पण पहिल्याच बेंडला अडकेल. ४० मिमीचा पीव्हीसी टाका. कोपऱ्यात ९० अंशाचा एल्बो न लावता दोन ४५ चे लावा किंवा लांब बेंड वापरा. आत नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा. दुसरी वायर ओढाल तेव्हा तिच्याबरोबर नवी दोरीही ओढून घ्या. ४० मिमीची झिरी फक्त विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत मारायची. नव्या टॉवरांमध्ये बऱ्याच भिंती आरसीसीच्या असतात, तिथे झिरी मारूच नका. टीव्हीमागे प्लायचं पॅनेल येणारच असेल तर पाइप त्याच्या मागून घ्या.

आता वायर. ७ मीटर हे अंतर अडचणीचं. साध्या तांब्याची एचडीएमआय सेकंदाला १८ गिगाबिटच्या वेगाला ५ मीटरपर्यंत भरवशाची, ४८ गिगाबिटला ३ मीटरच्या आसपास. पुढे ॲक्टिव्ह ऑप्टिकल, म्हणजे आत काचतंतू असलेली एचडीएमआय, घ्यावी लागते. तिला दिशा असते: एका टोकावर "सोर्स", दुसऱ्यावर "डिस्प्ले" लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर काळा पडदा, आणि परत ओढायची. तुमच्याकडे सोर्सचं टोक रिसीव्हरकडे. घेताना ईआर्क (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा रिसीव्हरला देणाऱ्या आर्क या सोयीची पुढची आवृत्ती) चालतं असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या, कारण काही ऑप्टिकल वायरींतून चित्र छान जातं पण टीव्हीकडून उलट येणारा आवाज येत नाही. अल्ट्रा हाय स्पीड वायरीच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, ते स्कॅन केल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑप्टिकल ऑडिओ, म्हणजे टॉसलिंक, हा दुसरा पर्याय म्हणून ठीक. त्यातून दोन चॅनेलचं पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा ५.१ चं साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातं. डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणून ॲटमॉसही (डॉल्बीचा वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) नाही.

आर्क आणि ईआर्कबद्दल दुकानात बरंच घाबरवतात. टीव्हीतल्या ॲप्सचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, आणि ते साध्या आर्कवरही जातं. डिस्कवरचं ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (पूर्ण दर्जाचा आवाज) टीव्हीमार्गे न्यायचं असेल तर ईआर्क लागतं. पण प्लेअर तुम्ही थेट रिसीव्हरला लावणार, मग तो प्रश्नच उरत नाही. तेव्हा जोडणी अशी: सेट टॉप बॉक्स आणि ब्लू-रे रिसीव्हरच्या एचडीएमआय इनमध्ये, रिसीव्हरच्या "आर्क" लिहिलेल्या आउटपासून टीव्हीच्या "आर्क" लिहिलेल्याच पोर्टमध्ये भिंतीतली वायर. दुसऱ्या पोर्टात लावली तर चित्र येतं, ॲप्सचा आवाज येत नाही. निम्म्या तक्रारी इथल्याच.

प्लेस्टेशनचं रिसीव्हरवर अवलंबून आहे. त्याचे पोर्ट १८ गिगाबिटचेच असतील तर फोर-के १२० हर्ट्झ मिळणार नाही. मग प्लेस्टेशन टीव्हीजवळ ठेवून २ मीटरच्या वायरीने थेट टीव्हीला लावा, आवाज ईआर्कने रिसीव्हरला परत येईल. तुमच्या घरात ईआर्कचा खरा उपयोग हा एवढाच.

प्रेषक: घोडबंदरकर

काका, पटलं. रिसीव्हर तिथेच घेतो. पाचपाखाडीकर, ४० मिमीचा निरोप इलेक्ट्रिशियनला गेला. स्पीकरच्या वायरी त्याच पाइपातून न्याव्यात का? आणि तो लाइटिंगचीच वायर वापरू म्हणतो.

प्रेषक: वाशीकर ताई

लाइटिंगची वायर चालते, फक्त जाडी बघायची. मागच्या स्पीकरला १५ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. १.५ चौ. मिमीला त्याचा रोध सुमारे ०.३६ ओहम होतो, ८ ओहमच्या स्पीकरच्या साडेचार टक्के, २.५ ला ०.२२. पाच टक्क्यांच्या आत ठेवायचं म्हणतात. १.५ त्यात काठावरच बसते, म्हणून पुढच्यांना १.५, मागच्यांना २.५. मल्टिस्ट्रँडच घे आणि दोन तारांचे रंग वेगळे ठेव. एका स्पीकरचा प्लस-मायनस उलटला तर आवाज येतो, पण बेस गायब होतो आणि संवाद मधोमध न वाटता पसरतात. वायर कापून टोक चाकूने खरवडून बघ. आत चांदीसारखा रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, परत कर.

स्पीकरच्या वायरी वेगळ्या २५ मिमी पाइपातून ने. २३० व्होल्टच्या पाइपापासून फूटभर लांब. ओलांडावाच लागला तर काटकोनात. याची खरी गरज सबवूफरच्या आरसीए वायरीला आहे, तीच घरघर पकडते. घरघर आलीच तर डिशची कोअॅक्सियल वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघ. थांबली तर दोष सबवूफरचा नाही, अर्थिंगच्या दोन वाटांचा आहे. आयसोलेटर सबवूफरच्या आरसीए वायरीवर बसवायचा; डिशच्या वायरीवर साधा आयसोलेटर बसवला तर डिशला त्याच वायरीतून जाणारा वीजपुरवठा अडू शकतो. प्लगची अर्थ पिन मात्र कोणी कितीही सांगितलं तरी काढायची नाही. आणि गच्चीवरून येणारी ती कोअॅक्सियल जूनमध्ये गडगडायला लागलं की काढून ठेवावी. स्पाइक गार्ड फक्त विजेच्या वायरीकडे बघतो, आकाशातली वीज त्या वाटेनेच येईल असं नाही.

कपाटाला दार असेल तर रिसीव्हरच्या वर १०-१२ सेंटिमीटर मोकळे ठेव आणि पाठीमागे जाळी लाव. ठाण्याच्या मे महिन्यात बंद कपाटात रिसीव्हर तापून स्वतःच बंद होतो, आणि लोक वायरी तपासत बसतात.

प्रेषक: पाचपाखाडीकर

ताईंच्या मेलला जोडून. टीव्हीच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी मुद्दाम बदलाव्या लागतात. एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा (प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय: सॅमसंगचं ॲनीनेट, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक), नाहीतर आर्क जागाच होत नाही. डिजिटल आवाज "पीसीएम"वरून "पास-थ्रू" किंवा "ऑटो"वर न्या. आणि रिसीव्हर लावलेल्या पोर्टचा सिग्नल "एन्हान्स्ड" करा, नाहीतर फोर-के दिसेल पण एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) येणार नाही. सेट टॉप बॉक्सच्या मेनूतही आवाज स्टिरिओवर असतो, तो डॉल्बीवर टाका.

पीओपीवाल्याला भिंत बंद करू देण्याआधी वायर तपासा. फोर-के ६० हर्ट्झ एचडीआर अर्धा तास चालवायचं. सिनेमा नको, कारण तो २४ फ्रेमचा, त्याला जेमतेम निम्मी बँडविड्थ लागते आणि कच्ची वायरही पास होते. पांढरे ठिपके चमकले किंवा पडदा दोन सेकंद काळा होऊन परत आला तर वायर बदला. मग झिरी उघडी असतानाच मेजर टेप धरून पाइपाचे फोटो काढा, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असे, आणि टीव्हीचं ब्रॅकेट बसवणाऱ्याला ड्रिल सुरू करण्याआधी दाखवा.