सोपवलेले काम पुन्हा माझ्याकडेच का परत येते?

प्रश्न – नवी जबाबदारी

गेल्या वर्षी बढती मिळाल्यापासून आठ जणांची टीम माझ्याकडे आहे. ग्राहकांना जाणारा मासिक अहवाल पूर्वी मी तयार करत असे; आता तो एका अनुभवी सहकाऱ्याकडे सोपवला आहे. मात्र दर महिन्याला मुदतीच्या आदल्या संध्याकाळी ‘एकदा नजर टाकाल का?’ एवढ्याच मजकुराच्या मेलसह तो माझ्याकडे येतो. आकडेवारी चोख असते, पण निष्कर्षांची जागा कोरी असते आणि हाताशी वेळ नसल्याने ती मलाच भरावी लागते. बारकाईने लक्ष घातले तर अविश्वास दाखवल्यासारखे होते, नाही घातले तर काम वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटते. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर – जुना सहकारी

ती कोरी जागा नीट पाहा, कारण घोडे तिथेच अडले आहे. आकडे गोळा करणे हे कष्टाचे काम आहे, तर निष्कर्ष काढणे हा निर्णय आहे. आपण सहकाऱ्याला कष्ट दिले. निर्णयाचा अधिकार दिला आहे, असे त्यांना कोणी स्पष्टपणे सांगितलेले दिसत नाही. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची जी १४ तत्त्वे मांडली, त्यांत अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड घातलेली आहे, आणि ती सुटली की नेमके हेच घडते: जबाबदारी असलेला माणूस अधिकार असलेल्या माणसाकडे परत येतो.

म्हणून एकदा समोरासमोर बसून तीन गोष्टी बोलून घ्या. अहवाल वाचून ग्राहकाला काय कळले पाहिजे, कोणते निष्कर्ष त्यांनी कोणालाही न विचारता लिहायचे, आणि कोणत्या बाबतीत (उदाहरणार्थ, ग्राहकाला नवे आश्वासन द्यायचे असेल तर) आधी आपल्याशी बोलायचे. अहवालाची मांडणी कशी करायची, हे त्यांच्यावर सोडा. शिवाय ग्राहकांनाही कळवा की यापुढे अहवालाबाबतच्या शंका थेट या सहकाऱ्याला विचाराव्यात. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. ग्राहकांचे मेल जुन्याच माणसाकडे येत राहतात आणि दिलेला अधिकार कागदावरच राहतो.

उत्तर – पाठपुरावा

वरील मताशी मी सहमत आहे, पण मुदतीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कच्चा मसुदा पाहण्याचा दिवस अंतिम मुदतीच्या आठवडाभर आधी ठरवा. मसुदा अर्धवट आला तर लेखणी हाती घेऊ नका. ‘यातून ग्राहकाने काय बोध घ्यावा, असे आपल्याला वाटते?’ हा प्रश्न लिहून तो परत पाठवा. सुरुवातीला यात आपलाच जास्त वेळ जाईल आणि अहवालाची भाषाही आपल्या पद्धतीची नसेल. आशय बरोबर असेल तर ती बदलण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक वाक्य दुरुस्त होऊन येणार असेल, तर पुढच्या वेळी कोणीही मनापासून लिहिणार नाही.

उत्तर – दुसरी बाजू

सहकाऱ्यांची बाजूही विचारात घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अहवाल त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांच्याकडचे कोणते काम कमी झाले? काहीच कमी झाले नसेल, तर आदल्या संध्याकाळचा मेल हा केवळ वेळ न पुरल्याचा परिणाम असू शकतो. दुसरे असे, की माणूस अनुभवी असला तरी प्रत्येक कामात अनुभवी असतोच असे नाही. आकडेवारीत वर्षे काढलेला माणूस ग्राहकासाठी लिहिताना नवखा असू शकतो. त्याला अधिकाराइतकीच एक-दोन चांगल्या नमुन्यांची आणि शेजारी बसून समजावण्याची गरज असते. ते त्यांनाच विचारा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. त्यांच्याकडचे कोणतेही काम कमी केले नव्हते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. एक शंका उरते: त्यांच्या निष्कर्षात चूक राहून अहवाल ग्राहकाकडे गेला, तर काय करावे?

उत्तर – जुना सहकारी

ग्राहकासमोर आपणच उभे राहा. काम सोपवले तरी अंतिम उत्तरदायित्व आपलेच राहते. सहकाऱ्याशी मात्र एकांतात बोला, चूक कुठे झाली ते दोघांनी मिळून शोधा, आणि दुरुस्त अहवाल त्यांच्याच नावाने जाऊ द्या. पुढच्या महिन्याचा अहवालही त्यांच्याकडेच ठेवा.