ट्रॉलीचा ब्रेक दाबला की टेललॅम्प मंद होतात. वायरिंग घरीच करायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. वणीच्या पुढे गाव आहे आमचं. 12 व्होल्टचा ट्रॅक्टर, मागं दोन चाकी ट्रॉली. जिनिंगला कापूस टाकून परतताना रात्र होतेच, आणि मागच्या दिव्यांचा भरवसा नाही. टेललॅम्प लावून ब्रेक दाबला की दोन्ही मंद होतात. इंडिकेटर दिला तर टेललॅम्पही सोबत लुकलुकतो. उभ्या गाडीत कधी सगळं ठीक, पांदणीला लागलो की पुन्हा तेच. बल्ब नवे टाकले, होल्डर घासले, फ्यूज शाबूत. मिस्त्री म्हणतो सगळी वायरिंग बदला. अर्थची, म्हणजे करंट बॅटरीला परत नेणारी, वेगळी वायर नाही, हुकाच्या पिनमधूनच अर्थ मिळतो. वायर किती जाडीची घेऊ? जॉइंट सोल्डर करू की पीळ देऊन टेप?

काळी_माती: भाऊ, बिमारी तुम्हीच लिहून टाकली ना! हुकाच्या पिनला ग्रीस, गंज, धूळ. तिथून अर्थ कसा भेटन? ब्रेकच्या करंटला परत जायला वाट नसली की तो टेललॅम्पच्या फिलामेंटमधून वाट काढते. आधी ट्रॉलीच्या चेसिसपासून (लोखंडी सांगाड्यापासून) बॅटरीच्या निगेटिव्हला एक लांब वायर लावून पाहा. दिवे सुधरले तर बाकीच्या वायरिंगले हात लावू नका.

धागाकर्ता: लावून पाहिली. दिवे लख्ख! वायर काढून, सगळे दिवे लावून होल्डरचा पत्रा आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर 3 व्होल्टच्या वर.

वर्धेकर: मग संपलंच. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्त समजा. आता पक्कं काम करा. टेल 5 वॉटचे दोन, ब्रेक 21 चे दोन, एक इंडिकेटर 21 चा, मिळून 73 वॉट, म्हणजे सहा अँपियर. प्रत्येक दिव्याची वायर आपापला करंट नेते, अर्थची वायर मात्र सगळ्यांचा परत आणते. म्हणून दिव्यांना 1 चौरस मिमी चालेल, अर्थला 2.5 घ्या. आठ मीटरला सहा अँपियरवर तिच्यात साधारण 0.34 व्होल्ट पडतात, 1 च्या वायरमध्ये 0.84. सात पिनी सॉकेट असेल तर 3 नंबरची पिन अर्थची, रंग पांढरा. होल्डरचा अर्थ चेसिसला देऊ नका, त्याच वायरला जोडा.

सोल्डरचं म्हणाल तर ट्रॉलीवर मी टाळतो. कथील तारेत वर चढतं, तिथं ती कडक होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. बरोबर मापाचा लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), चांगल्या प्लासनं दाबलेला, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसते ती. पीळ आणि टेप पहिल्या पावसापर्यंत. हुकापाशी वळणापुरती ढील ठेवा, पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट बसवा. कामाआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

धागाकर्ता: सॉकेट साधाच आहे, सात पिनी आणतो. उंदरांचं काय? ट्रॉली कोठ्यात उभी असते.

काळी_माती: वायरवर पन्हाळी (वळ्यावळ्यांची) नळी टाका, तरी कुरतडतात ते. ट्रॉलीकडचा प्लग काढून वर टांगून ठेवत जा.