सर्वांसमोर वजन जाहीर केल्याने वजन खरोखर उतरते का?

गोडोलीकर (सातारा)

नमस्कार. माझे वय 41 असून मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी जून महिन्यात मी आमच्या भागात पहाटे भरणाऱ्या एका न्यूट्रिशन क्लबमध्ये जाऊ लागले. साडेपाचला व्यायाम, त्यानंतर शेक, आणि दर शनिवारी वजन, असा तेथला क्रम होता. वजनकाटा सर्वांच्या मधोमध ठेवलेला असे. प्रत्येकीचे नाव, मागील आठवड्याचे वजन आणि आजचे वजन मोठ्याने वाचले जाई. उतरलेल्यांना टाळ्या मिळत. वाढलेल्यांना पन्नास रुपये दंड होई आणि वजन का वाढले, हे उभे राहून सांगावे लागे.

पहिल्या तीन महिन्यांत माझे वजन 78 किलोवरून 71 वर आले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यानंतर ते थांबले आणि दिवाळीच्या आसपास दीड किलोने वाढले. त्या शनिवारी तेथील प्रशिक्षक म्हणाले, “बाईंना गणित येतं, पण पोळ्या मोजता येत नाहीत.” सगळ्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. घरी आल्यावर पाहुण्यांसाठी आणलेल्या कंदी पेढ्यांचा अर्धा डबा मी ओट्याजवळ उभ्या उभ्या संपवला. पुढे हाच क्रम झाला: शुक्रवारी जवळजवळ उपाशी राहायचे, शनिवारी काट्यावर उभे राहायचे आणि घरी येऊन कोणी पाहत नसताना खायचे. फेब्रुवारीत मी क्लब सोडला. आज वजन 80 आहे.

माझे यजमान म्हणतात की भीती होती तोवर वजन उतरत होते, भीती गेली आणि ते वाढले. हिशेबाने पाहता त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. म्हणून विचारते की लाज किंवा हेटाळणी यांचा खाण्यावर आणि वजनावर काय परिणाम होतो, याविषयी मानसशास्त्रात काही संशोधन झालेले आहे का? सांत्वनाची मला गरज नाही, माहिती हवी आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, संशोधन आहे, आणि बरेच आहे. सांगलीतील एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुमच्या शनिवारशी सर्वांत जवळचा प्रयोग 2011 साली नताशा श्वे, रिबेका पुल आणि केली ब्राउनेल यांनी प्रसिद्ध केला. त्यात काही स्त्रियांना जाड व्यक्तींची खिल्ली उडवणारी दृश्ये दाखवली, तर काहींना वजनाशी संबंध नसलेली साधी दृश्ये दाखवली, आणि त्यानंतर सर्वांपुढे खाऊ ठेवला. वजन जास्त असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी खिल्ली पाहिली होती, त्यांनी साधी दृश्ये पाहिलेल्यांच्या तिपटीहून अधिक कॅलरी खाल्ल्या. ब्रेंडा मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली असाच प्रयोग केला, पण दृश्यांऐवजी वजनावरून नोकरीत होणाऱ्या भेदभावाची बातमी वाचायला दिली. ज्या स्त्रिया स्वतःला जाड समजत होत्या त्यांनी ती वाचल्यावर अधिक खाल्ले, आणि आपण आपल्या खाण्यावर ताबा ठेवू शकू, हा त्यांचा विश्वासही कमी झाला. येथे ‘समजत होत्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण परिणाम प्रत्यक्ष वजनापेक्षा स्वतःकडे पाहण्याच्या दृष्टीवर अवलंबून होता.

दीर्घ काळाचे चित्रही याच दिशेचे आहे. अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ टेरासियानो यांनी अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती तपासून 2013 साली दाखवले की आरंभी लठ्ठ नसलेल्या, परंतु वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचे सांगणाऱ्या व्यक्ती चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. इंग्लंडमधील 2,944 प्रौढांच्या पाहणीत असा भेदभाव अनुभवलेल्यांचे वजन चार वर्षांत सरासरी 0.95 किलोने वाढले, तर बाकीच्यांचे 0.71 किलोने घटले.

शुक्रवारच्या उपवासाकडेही पाहायला हवे, कारण पेढ्यांचा अर्धा दोष त्याच्याकडे जातो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 साली एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खायला दिले. एरवी मोकळेपणी खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्ले, जे अपेक्षितच होते. सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मात्र उलट जास्त खाल्ले. एकदा नियम मोडलाच आहे, आता काय उरले, असे मन म्हणते आणि लगाम सुटतो. ज्याचा लगाम जितका घट्ट, त्याचे सुटणे तितके मोठे. त्यावर चारचौघांतले हसू पडले की एका पेढ्यावर थांबणे कठीण होते. तुमच्या निश्चयात काही खोट होती, असे यातून मला दिसत नाही.

यवतेश्वर_पहाट (सातारा)

मी निवृत्त अभियंता आहे, वय 67, आणि आठवड्यातून तीनदा यवतेश्वरचा घाट चढतो. ताईंशी जे बोलले गेले ते असभ्य होते, याविषयी माझे दुमत नाही. परंतु कृष्णाकाठ यांनी दिलेले पुरावे पारखून घ्यावेत, असे वाटते.

इंग्लंडच्या त्या पाहणीत वजन 2008-09 आणि 2012-13 या काळांत घेतले गेले आणि भेदभावाविषयीचा प्रश्न मधल्या काळात विचारला गेला. म्हणजे ज्यांचे वजन आधीच वाढू लागले होते त्यांनाच टोमणे अधिक ऐकावे लागले, असेही असू शकते. पाऊस आणि छत्री एकत्र दिसतात, म्हणून छत्रीने पाऊस पडतो असे आपण म्हणत नाही.

दुसरे म्हणजे दंड. केव्हिन वोल्प यांचा 2008 सालचा प्रयोग मला माहीत आहे, कारण माझ्या मुलाने तो वाचायला दिला होता. 57 जणांपैकी काहींनी स्वतःचे पैसे पणाला लावले, काहींना लॉटरीचे आमिष होते, आणि उरलेल्यांचे फक्त वजन घेतले गेले. सोळा आठवड्यांत पैसे गुंतलेल्या दोन्ही गटांचे वजन सरासरी सहा किलोच्या आसपास उतरले, तर तिसऱ्या गटाचे दोन किलोही उतरले नाही. तेव्हा पन्नास रुपयांचा दंड निरुपयोगी म्हणता येणार नाही. आमच्या पिढीत लाज आणि शिस्त यांच्यात आजच्याइतके अंतर मानले जात नसे.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, आपली शंका रास्त आहे आणि नुसत्या पाहण्यांना ती लागू पडते. मी प्रयोगांपासून सुरुवात केली ती याचसाठी. प्रयोगात कोणी काय पाहावे हे चिठ्ठी टाकून ठरते, त्यामुळे आधीपासून वजन वाढणारीच खिल्लीच्या गटात गेली, असे म्हणता येत नाही. त्या प्रयोगांत मोजले गेले ते एका बैठकीतले खाणे, ही त्यांची मर्यादा. छत्री आणि पाऊस यांचा वाद अशा वेळी दोन्ही प्रकारचे पुरावे शेजारी ठेवूनच सोडवावा लागतो.

वोल्प यांच्या प्रयोगाचा पुढचा भाग मात्र आपल्याकडून राहिला. सातव्या महिन्यात पुन्हा वजन घेतले तेव्हा पैसे गुंतलेल्या गटांचे वजन बरेच परत आले होते आणि तिसऱ्या गटाशी असलेला फरक ठामपणे दाखवण्याइतका उरला नव्हता. शिवाय त्या प्रयोगात पैसे गेले तरी कोणाला उभे राहून कारण सांगावे लागत नव्हते.

मिरज_आहार (मिरज)

मी आहारतज्ज्ञ आहे. कृष्णाकाठ सर आणि काका या दोघांचे वाचून मला वाटले की तीन गोष्टी एकाच पिशवीत पडल्या आहेत: काटा, पैसे आणि हसणे. काट्याची बाजू घेणारे कोणीतरी हवे.

वजन उतरवल्यानंतर ते टिकवण्यासाठी नियमित वजन करणे उपयोगी पडते. रिना विंग यांनी 2006 साली 314 जणांवर केलेल्या चाचणीत लोकांना रोज वजन करायला आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे ते गेले की लगेच आहार-व्यायामात दुरुस्ती करायला शिकवले. अठरा महिन्यांत ज्यांना समोरासमोर मार्गदर्शन मिळाले त्यांचे वजन सरासरी अडीच किलो परत आले, तर ज्यांना फक्त पत्रके पाठवली गेली त्यांचे 4.9 किलो. येथे काटा आपल्याला सांगतो, शेजारणीला नाही. माझ्याकडे वजन पडद्याआड होते आणि आकडा मी मोठ्याने उच्चारत नाही. सुरुवातीला मी उच्चारत असे. एका मुलीने येणे बंद केले तेव्हा मला उमगले.

ताईंचे यजमान म्हणतात की भीती गेली म्हणून वजन वाढले. ताईंच्या पत्रातच याचे उत्तर आहे, कारण वजन दिवाळीला वाढले आणि क्लब त्यांनी फेब्रुवारीत सोडला. भीती तेव्हा चांगली शाबूत होती. वजन थांबणे आणि परत येऊ लागणे यांत शरीराचाही मोठा हात असतो. ऑस्ट्रेलियातील प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले की दहा आठवड्यांच्या अत्यंत अल्प आहाराने वजन उतरवलेल्यांच्या शरीरात भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेले आणि तृप्तीशी निगडित लेप्टिन हे संप्रेरक घटलेले, असे वर्षभरानंतरही आढळले. सात किलो उतरल्यावर ताईंना जी भूक लागत असेल ती खरी भूक होती. तिला पोळ्या मोजता न येणे म्हणणे हे शास्त्र नव्हे. वजन कमी करण्याची नवी इंजेक्शने याच भुकेच्या व्यवस्थेवर काम करतात, आणि ती थांबवल्यावर वजनाचा मोठा भाग परत येतो, हेही चाचण्यांत दिसले आहे.

आता थोडे ताईंसाठी. थोड्या वेळात खूप खाणे, खाताना ताबा सुटल्यासारखे वाटणे, लपून खाणे आणि नंतर स्वतःचा राग येणे, असे आठवड्यातून किमान एकदा आणि तीन महिने सलग होत असेल, तर त्याला अनावर खाण्याचा विकार म्हणून तपासावे लागते. अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने 2013 साली त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. तसे असल्यास आधी उपचार त्याचा व्हावा, वजनाचे नंतर पाहावे. त्यावर बोधनिष्ठ वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार, इंग्रजीत सीबीटी) चांगला लागू पडतो, आणि त्यातले पहिले काम बहुधा ठरलेल्या वेळी खाणे हेच असते. म्हणजे शुक्रवारचा उपवास आधी बंद. या उपचाराने अनावर खाणे पुष्कळ थांबते, वजन मात्र फारसे उतरत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पुन्हा निराशा होते.

ताई, कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर सांगाल का? भारतीयांमध्ये स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटरच्या पुढचा घेर जोखमीचा धरतात, आणि तो आकडा मला 80 किलोपेक्षा अधिक बोलका वाटतो.

यवतेश्वर_पहाट (सातारा)

सातव्या महिन्याची गोष्ट मी वाचली नव्हती. मुलाने पहिलेच पान दिले होते. दंडाविषयीचे माझे मत तेवढ्यापुरते मागे घेतो. शिस्तीविषयीचे घेत नाही.

गोडोलीकर (सातारा)

सर्वांचे आभार. कंबरेचा घेर 94 सेंटीमीटर आहे आणि मार्चमध्ये उपाशीपोटीची साखर 108 आली होती. अनावर खाण्याची जी लक्षणे लिहिली आहेत ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मला सगळी लागू होती. आता दोन-तीन आठवड्यांतून एखाद्या वेळी होते. तरीही मिरजेला येऊन दाखवावे, असे ठरवले आहे.

शुक्रवारचा उपवास दोन आठवड्यांपूर्वी सोडला. घरी काटा आणला आहे. रोजचे वजन लिहून सात दिवसांची सरासरी काढते, कारण एकेका दिवसाचा आकडा पाणी आणि मीठ यांनीच अर्धा-एक किलो हलतो, हे लक्षात आले. यजमान रोज सकाळी आकडा विचारतात. तो वहीत असतो आणि वही माझ्या कपाटात असते.