मदत हवी आहे: सातवीच्या गणितात गुण नेमके कशाचे, हे बाईंना कसं विचारू?

कर्वेनगरची आई

नमस्कार. लेक सातवीत आहे. पुण्यातलीच खाजगी अनुदानित शाळा, राज्य मंडळ, पाचवीपासून सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून). दिवाळीची सुट्टी संपल्यावर पालकसभा झाली, पहिल्या सत्राचे पेपर बघायला मिळाले आणि प्रगतिपुस्तकात गणिताला ब-2 श्रेणी आहे. पेपर बघूनही ही श्रेणी कुठून आली ते मला उलगडेना, म्हणून इथे विचारतेय. शिक्षक मंडळी इथे बरीच आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

वर्गशिक्षिकांना विनंती केल्यावर त्यांनी फोड सांगितली. लेखी 50 पैकी 41. तोंडी 10 पैकी 6. आणि आकारिक 40 पैकी 21. एकूण 68. म्हणजे लेखी परीक्षेत पोरगी चांगली आहे आणि खाली ओढलंय ते वर्षभर चालणाऱ्या कामाने. या 40 गुणांची वाटणी जूनमध्ये ना मुलांना सांगितली होती ना आम्हाला. आता कळली ती अशी: छोटी चाचणी 10 पैकी 8, स्वाध्याय 10 पैकी 4, प्रकल्प 10 पैकी 3, तोंडीकाम 5 पैकी 3, निरीक्षण 5 पैकी 3.

स्वाध्यायाचे 4 का, ते मी वही उघडून बघितलं. ऑगस्टमध्ये ती तापाने बरेच दिवस घरी होती. त्या काळातले दोन सरावसंच तिने नंतर पूर्ण केलेत, पण त्यांवर बाईंची सही नाही. वही परत दाखवायची असते हे तिला माहीत नव्हतं, आणि कुणी मागितलीही नाही.

प्रकल्पाचं जास्त लागलं. पुस्तकात पहिलाच पाठ भौमितिक रचनांचा आहे. तिने पतंगाच्या कागदाचे वेगवेगळे त्रिकोण कापले, प्रत्येकाचे कोन घड्या घालून दुभागले आणि तिन्ही घड्या दर वेळी एकाच बिंदूत मिळतात हे दाखवलं. विशालकोन त्रिकोणातही मिळतात का, ते तिने स्वतःहून करून बघितलं, मी सुचवलं नव्हतं. त्याला 3. शेरा काहीच नाही. वर्गातल्या ज्या प्रकल्पांना 8-9 मिळालेत ते थर्माकोल लावून सजवलेले तक्ते आहेत असं ती म्हणते. मी ते पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

आता लेखी पेपर. एक प्रश्न होता: तीन घंटा 12, 15 आणि 20 मिनिटांच्या अंतराने वाजतात, सकाळी 8 ला तिन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम किती वाजता वाजतील? हिने लिहिलंय फक्त 9. तीन गुणांपैकी एक मिळाला, बाजूला लाल शाईत ‘स्टेप्स?’ घरी विचारलं तर म्हणाली, ‘‘20 चा पाढा घेतला. 20 ला 15 ने भाग जात नाही, 40 ला जात नाही, 60 ला जातो, 12 नेही जातो. म्हणजे एका तासाने.’’ मला तर हे विचार करून काढलेलं उत्तर वाटतं. दुसरीकडे उणे तीन छेद चार अधिक पाच छेद सहा, याचं उत्तर तिने थेट एक छेद बारा लिहिलं. बरोबर आहे, पण दोनपैकी एक.

ती आता म्हणते, ‘‘मला गणित येत नाही.’’ चौथीपर्यंत जिचा हा लाडका विषय होता तिच्या तोंडून हे ऐकवत नाही.

माझे प्रश्न: पायऱ्या न लिहिल्याबद्दल एवढे गुण कापणं रास्त आहे का? वही, सही, प्रकल्प यांचा वाटा इतका असतो का? आणि मुख्य म्हणजे बाईंशी कसं बोलू? तक्रार करायची नाहीये. बाई कष्टाळू आहेत, वर्गात साठच्या वर मुलं आहेत हे मी जाणते. पण मी बोलले आणि त्याचा राग मुलीवर निघाला तर, ही धास्तीही आहेच. दुसऱ्या सत्रात तरी तिला आधी कळावं की तिच्याकडून काय अपेक्षित आहे.

फळा_खडू

ताई, मी उच्च प्राथमिकला गणित शिकवतो, शाळा वेगळी. आधी नियमाचं सांगतो.

तुमच्या शाळेने 40-60 ची वाटणी मनाने केलेली नाही. महाराष्ट्रात 2010 च्या शासन निर्णयापासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित (सत्राअखेरची लेखी-तोंडी परीक्षा) 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला 50-50 आणि सातवी-आठवीला 40-60. श्रेणी 91 पासून वर अ-1, मग दहा-दहाच्या टप्प्याने खाली, त्यात 61 ते 70 म्हणजे ब-2. तेव्हा 68 ला ब-2 हे गणित बरोबर आहे.

आकारिकसाठी साधनं ठरलेली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. त्यातली कोणती घ्यायची आणि कुणाला किती गुण द्यायचे, यात शिक्षकाला मोकळीक असते. मोकळीक आहे म्हणूनच ते मुलांना आधी सांगायला हवं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मी जूनमध्ये फळ्यावर लिहून वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि वर्षभराची कटकट वाचते.

तापात राहिलेला स्वाध्याय आणि सही, हे तर सरळ दाखवा. आकारिक मूल्यमापन मूल कुठे अडलंय ते बघून त्याला मदत करण्यासाठी आहे. आजारपणात चुकलेलं काम नंतर तपासून नोंद करायला काही आडकाठी नाही. प्रकल्पाचं तुम्ही लिहिलंय तसं असेल तर 3 कमी वाटतात, पण मी तो पाहिला नाही. तिने निष्कर्ष लिहून दिला होता का? की नुसते घड्या घातलेले कागद? साठ प्रकल्प हातावेगळे करताना न लिहिलेला विचार शिक्षकाला दिसत नाही.

पायऱ्यांच्या बाबतीत मात्र मी बाईंच्या बाजूने आहे. घंटांच्या प्रश्नात मुलीने जे तोंडी सांगितलं ती लसावि (लघुतम साधारण विभाज्य) काढायची अस्सल रीत आहे. प्रश्नात ‘मूळ अवयव पद्धतीने’ असं म्हटलेलं नसेल तर तिला पूर्ण गुण मिळायला हवेत. पण कागदावर उतरवलं तर! नुसत्या 9 वरून मला काय कळणार? अंदाज, शेजारच्याचं बघून, की खरंच विचार करून? शिवाय 9 काय, मिनिटं की वाजले? अपूर्णांकाचंही तसंच. त्या गणितात निम्मी मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन छेद दहा लिहितात. समान छेद करून उणे नऊ छेद बारा अधिक दहा छेद बारा ही एक ओळ लिहिली की कळतं, हिला समजलंय. आणि उद्या चिन्ह चुकून उत्तर उणे आलं, तर या ओळीचा एक गुण हातात राहतो. पायरी नसेल तर भोपळा.

आज तिला हे डोक्यात जमतंय. दुसऱ्या सत्रात बैजिक सूत्रं आहेत, आठवीत अवयव आणि समीकरणं. तिथे डोक्यातल्या डोक्यात करणारी हुशार मुलंच आधी अडखळतात, दरवर्षी बघतो.

आकडेमोड

सरांशी सहमत. थोडी कायद्याची भर. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 24 मध्ये शिक्षकांच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे स्पष्ट लिहिलंय. तेव्हा विचारायला संकोच करू नका. मात्र बाईंसमोर कलम काढू नका, बोलणं तिथेच संपेल. ते तुमच्या मनाच्या धीरासाठी.

पुढच्या वर्षी आठवीला वार्षिक परीक्षा असते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. तुमच्या मुलीला त्याची काळजी नाही, पण लिहायची सवय या वर्षी लागलेली बरी.

शेजारची मावशी

मी धायरीला घरी पाचवी ते आठवीच्या मुलांचं गणित घेते. सेमीच्या मुलांची एक गोष्ट कुणी बोललं नाही. ही मुलं विचार मराठीत करतात आणि लिहायचं असतं इंग्रजीत. ‘20 चा पाढा घेतला’ हे वाक्य तिला इंग्रजीत सुचत नाही, म्हणून ती सरळ उत्तर लिहून मोकळी होते. आळस नसतो तो. बाईंना एवढंच विचारा, कारणाचं वाक्य सुरुवातीला मराठीत लिहिलं तर चालेल का? बऱ्याच बाई हो म्हणतात.

मी मुलांकडून असं करून घेते: उत्तर आधी डोक्यात काढ, हरकत नाही. मग ते गणित तुझ्या धाकट्या भावाला समजेल असं लिहून दाखव. तीन ओळींत. पहिल्या ओळीत काय दिलंय, मध्ये काय केलंस, शेवटी उत्तर एककासकट. रोज एकच गणित. दहा दिलीत तर वैतागेल. घरी आकडेमोड तपासू नका, फक्त लिहिलेलं वाचून तुम्हाला समजलं का ते सांगा. नाही समजलं तर म्हणा, ‘‘इथून इथे कशी आलीस?’’

कर्वेनगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पायऱ्यांबद्दल सरांचं पटलं, आणि लेकीला उणे उत्तराचं उदाहरण दिल्यावर तिलाही पटलं. प्रकल्पाला निष्कर्ष लिहिला नव्हता, हे तिनेच सांगितलं. इंग्रजीत काय लिहावं ते सुचलं नाही म्हणे. मावशी, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत.

बाईंना वहीत ही चिठ्ठी लिहायचा विचार आहे, बघून सांगा:

‘आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. पहिल्या सत्राचा पेपर पाहिला. पायऱ्या लिहिण्याचा सराव घरी रोज करून घेत आहोत. ऑगस्टमधल्या आजारपणात राहिलेले दोन सरावसंच पूर्ण आहेत, सवडीने तपासावेत ही विनंती. दुसऱ्या सत्रातील आकारिक गुणांची विभागणी आणि प्रकल्पात आपण काय पाहता हे कळल्यास तिला तयारी करता येईल. लेखी उत्तरात कारण काही दिवस मराठीत लिहिले तर चालेल का? आपल्या सोयीने पाच मिनिटे भेटता आले तर बरे होईल.’

पहिल्या सत्राचे गुण वाढवा असं कुठेही म्हटलेलं नाही, मुद्दामच.

फळा_खडू

चिठ्ठी चांगली आहे. ‘काही दिवस’च्या जागी ‘डिसेंबर अखेरपर्यंत’ घाला, बाईंना हो म्हणायला सोपं जाईल. भेटायला शनिवारी शाळा सुटल्यावर जा, मधल्या सुट्टीत नको, तेव्हा शिक्षकाच्या भोवती वह्यांचा गराडा असतो. जाताना ते घड्यांचे त्रिकोण सोबत न्या आणि लेकीलाही न्या. तुम्ही काही बोलू नका. तिन्ही घड्या एका बिंदूत का मिळतात ते तिलाच मराठीत सांगू द्या.